पाऊणकीने येणारी आई

सर्व नातेवाईक, शेजारी, माझे आजी-माजी विद्यार्थी आणि रोह्यातली यच्चयावत नाकं यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं की, माझी आई वारल्यानंतर सव्वा महिन्याने घरी परत आली. कृपया कोणी हसू नये. ती एकदाच नाही, पुष्कळदा आली. आणि जिवंतपणी जशी ती कुठल्याही लग्नाला मुहूर्तावर पोहोचली नाही तशीच मेल्यावरही वेळेवर आली नाही. आज आली त्याहून उद्या पाऊण तास उशिरा, परवा आणखी पाऊण तास. हे मी वहीत लिहून ठेवलेलं आहे. वही अजून माझ्या कपाटात आहे, आणि तिच्यातली एकही नोंद खोटी नाही. खोटं जे काही होतं ते मी वहीत लिहिलं नव्हतं. त्याबद्दल पुढे सांगते.

आमचं घर रोह्यात नदीच्या काठी, पुलाच्या खालच्या अंगाला. दोन खोल्या, मागे पडवी, आणि पश्चिमेला एक खिडकी, जिच्यातून भरतीचं गढूळ पाणी आणि ओहोटीचा काळा चिखल दोन्ही दिसायचं. अप्पा, म्हणजे माझे वडील, पलीकडच्या एका केमिकल कंपनीच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. त्या काळी आमच्या गावाला दोन घड्याळं होती. एक कंपनीचा भोंगा आणि दुसरं नाक. आम्ही पोरं डोळे मिटून सांगायचो, आज वारा कुठल्या कंपनीवरून आला. नासक्या अंड्यांचा वास आला की अमकी, कुजक्या कोबीचा आला की तमकी. पाहुणे आले की नाकाला रुमाल लावायचे, आणि आम्ही यजमानाच्या ऐटीत सांगायचो, ‘हे काहीच नाही, रात्रपाळीला या.’ अप्पा मात्र कंपनीतला वास कधी घरी आणत नसत. तिथेच साबण लावून आंघोळ करायचे, कपडे बदलायचे, आणि साडेचारला भोंगा झाला की पंधरा मिनिटांत, कुठलाच वास नसलेला एक माणूस आमच्या दारात उभा राहायचा. देवावर त्यांचा विश्वास नव्हता, पण ते देवाच्या विरोधातही नव्हते. सिद्ध न झालेल्या गोष्टीबद्दल मत देणं त्यांना असभ्यपणाचं वाटायचं, एवढंच.

आणि आई म्हणजे मोगरा. पुलाच्या तोंडाशी एक बाई टोपलीत ओल्या फडक्याखाली गजरे घेऊन बसायची. आई रोज संध्याकाळी तिच्याकडून एक वीत गजरा आणायची, मोगरा असेल तेव्हा मोगरा, नसेल तेव्हा जाई. रात्री तो काढून उशाशी तांब्याच्या झाकणीत ठेवायची. सकाळी त्याची फुलं तपकिरी झालेली असत, आणि फुलांच्या वासाखाली दुसरा एक वास असे, ओल्या दोऱ्याचा. मातकट, जरासा आंबूस. माझ्यासाठी आईचा वास म्हणजे फुलं आणि दोरा, दोन्ही मिळून. ती काविळीने पंधरा दिवसांत गेली. मी तेरा वर्षांची होते. त्या पंधरा दिवसांबद्दल मी नाटकी पद्धतीने काही सांगू शकत नाही, म्हणून सांगत नाही.

घर चालवायला अप्पांची मोठी बहीण आली. आत्या खारेपाटातली, पेणच्या खाडीकडच्या गावची. नवऱ्याचं मिठागर होतं, नवरा गेला, मिठागर दिरांकडे गेलं, आणि आत्या एक ट्रंक, पेणच्या पोह्यांची अर्धी गोण आणि सुक्या जवळ्याचं एक बोचकं घेऊन गाडीत बसली. कासू स्टेशनापासून निडीपर्यंत अख्खा डबा त्या बोचक्यापासून लांब सरकून बसला होता, असं ती अभिमानाने सांगायची. ‘ऐसपैस आलू मी, राणीवानी!’ तिने आल्या आल्या चुलीचा ताबा घेतला. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी, आणि रविवारी कांदा-पोहे. ती सोलायला बसली की मोड आलेल्या वालाच्या सालींचा ढीग व्हायचा आणि तोंड अखंड चालू असायचं. आईनंतर घरात जी शांतता पसरली होती ती आत्याने निम्मी खाऊन टाकली. उरलेली निम्मी मात्र संध्याकाळची होती, आणि ती आत्यालाही खाता आली नाही.

ती पहिली संध्याकाळ. अप्पा आरामखुर्चीत, मी जमिनीवर भूगोलाचा नकाशा रंगवतेय, आत्या पडवीत तांदूळ पाखडतेय. पाखडण्याचा आवाज थांबला. मी मान वर केली, आणि तेवढ्यात तो खिडकीतून आत आला. मोगरा. आधी झुळकीसारखा, मग एखादं माणूस घरात शिरल्यावर घर जसं भरतं तसा. तो खिडकीपासून कपाटापर्यंत गेला, कपाटापासून आईच्या खाटेपर्यंत. आमच्यापैकी कोणी हललं नाही. माझ्या हातातला निळा रंग नकाशातल्या अरबी समुद्रातून बाहेर गुजरातवर सांडला. आत्या सूप घेऊन दारात उभी होती. ती अगदी हळू, झोपलेल्या मुलाशेजारी बोलावं तशी म्हणाली, ‘वैनी आली गो.’

अप्पा उठले, खिडकीपाशी गेले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

‘बंद कशाला करतोस रे?’ आत्या म्हणाली.

‘डास येतात,’ अप्पा म्हणाले.

हे मग रोजचं झालं. वास आला की अप्पा उठून खिडकी लावायचे. मला त्यांचा भयंकर राग यायचा. आई येते, आणि हा माणूस तिच्या तोंडावर खिडकी लावतो! आत्याने मात्र रोज एक कप चहा जास्त टाकायला सुरुवात केली. तो खाटेजवळच्या स्टुलावर ठेवायची आणि गार झाला की ‘परसाद हाय’ म्हणून स्वतः पिऊन टाकायची. बातमी बाहेर फुटायला किती वेळ लागणार? शेजारच्या दोन बाया हळदकुंकू घेऊन आल्या. एकीने तर आईला हात जोडून विचारलं की, आपली हरवलेली कुडी धाकट्या जावेकडे आहे की मोठीकडे. आई काही बोलली नाही. ‘शेजाऱ्यांच्या भांडणात ती कवाच पडली नाय,’ असं म्हणून आत्याने तिची बाजू सांभाळली.

मला मात्र पुरावा हवा होता. मी अप्पांची मुलगी होते. एका रविवारी मी त्यांना सरळ विचारलं, ‘अप्पा, तो वास कसला आहे?’

ते चष्मा पुसत होते. पुसतच राहिले. मग म्हणाले, ‘बेंझिल ॲसिटेट. आमच्याकडे नवीन सुरू झालंय. साबणात, अत्तरात घालतात. भांडी धुतली की ते पाणी नदीत सोडतात.’

‘म्हणजे आई नाही?’

‘मी तुला पदार्थाचं नाव सांगितलं.’

‘खऱ्या मोगऱ्यात काय असतं?’

‘पुष्कळ काही असतं. पण मुख्य म्हणजे बेंझिल ॲसिटेट.’

‘तेच?’

‘तेच.’

‘मग कंपनीतलं आणि आईच्या गजऱ्यातलं, दोन्हींत फरक काय?’

अप्पांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू परीक्षेत त्यांना न शिकवलेल्या धड्यावरचा प्रश्न आला होता. ‘फरक काही नाही,’ ते म्हणाले. ‘रेणू तोच. तो कुठून आला हे त्याच्यावर लिहिलेलं नसतं.’

मी पुढे रसायनशास्त्रच शिकवलं, पेणला, आयुष्यभर. या एका वाक्याइतकं अचूक आणि इतकं भीतिदायक वाक्य मला कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडलं नाही. पण त्या वयात मला त्यातलं फक्त सोयीचं तेवढं ऐकू आलं. फरक नाही. म्हणजे आईच. आता ते खोटं सांगते, जे मी वहीत लिहिलं नाही. त्या वासात ओला दोरा नव्हता. पहिल्या संध्याकाळपासून नव्हता. मला ते लगेच कळलं होतं, आणि मी ते कोणाला सांगितलं नाही. स्वतःलाही सांगितलं नाही.

वही मी सुरू केली ती शास्त्र म्हणून. सोमवार, साडेचार. मंगळवार, सव्वापाच. बुधवार, सहा. गुरुवार, पावणेसात. आठेक दिवस ती संध्याकाळी यायची, रोज उशिरा उशिरा, आणि मग काही दिवस भलत्याच वेळी, मी शाळेत किंवा झोपेत असताना. मग पुन्हा संध्याकाळी. मी आलेख काढला. रेघ सरळ येत होती आणि मला काही केल्या तिचा अर्थ लागत नव्हता. आई रोज पाऊण तासच उशीर का करते? मेल्यावर माणसाचं घड्याळ सावकाश चालतं का?

आत्या वालाच्या साली काढत शेजारी बसली होती. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, आकडे येत होते. तिने वहीत डोकावलं, बोट फिरवत एक एक आकडा वाचला, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे मान वळवली आणि ओठ हलवू लागली. ‘चार पाऊण तीन. पाच पाऊण पावणेचार. सहा पाऊण साडेचार…’

‘हे काय?’

‘पाऊणकी! शाळेत नाय शिकवीत? तिथीची पाऊणपट केली का भरतीची येळ गावते. आज पंचमी, तर आमच्या खाडीला पावणेचारला पाणी भरणार. हितं नदीत वर यायला येक तास जास्त. मंग येक टिपरू, म्हंजे अर्धा तास, थांबंल आन् उतराया लागंल. तवा सव्वापाच.’ तिने वालाची साल माझ्या वहीवर टाकली. ‘तुझी आय नाय गो उशीर करीत. व्होटी लागली का ती येते. कंपनीवाले व्होटीलाच पाणी सोडतात, का तर समिंदरात जावं. मिठागरात जन्म गेला माझा, मला कोन शिकवील?’

तर अशा रीतीने, ज्या बाईने चहाचे कप मांडले तिनेच आईचं वेळापत्रक सोडवलं. विज्ञानाची मुलगी बघत राहिली. मी रडवेली होऊन म्हणाले, ‘म्हणजे तुलाही कळलं ना, ती आई नाही ते!’

आत्याला खरोखरच कळेना मी का रडतेय. ‘आता काय झालं? गणपती चवथीला येतो का नाय? पितरं तिथीला येतात का नाय? तुझी आय तिथीनं येते यात वंगाळ काय हाय? बिनतिथीचं येतं त्याला घाबरावं, पोरी.’ आणि ती उठून जास्तीचा चहा टाकायला गेली.

आणि नेमक्या त्याच सुमारास, वाचकहो, अप्पांच्या लग्नाचा विषय निघाला. आत्यानेच काढला. ‘मी काय जन्मभर पुरनार हाय?’ स्थळ पेणचं, रामवाडीचं. सुलभाताई, प्राथमिक शाळेत शिक्षिका, नवरा अपघातात गेलेला, मूल नाही. तिने निरोप पाठवला की, मला कोणी बघायला येऊ नये, मीच घर बघायला येईन. अप्पा हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. आईची खाट कुठे हलवायची याची आत्या मापं घेऊ लागली. मला एकच गोष्ट दिसत होती. त्या खाटेवर दुसरं कोणी निजलं की आई येऊन बसणार कुठे?

सुलभाताई येणार होती रविवारी, दुपारच्या गाडीने, आणि परत सहाच्या. मी कॅलेंडर बघितलं. रविवार, पंचमी. पाच पाऊण पावणेचार, एक तास, वर एक टिपरू. सव्वापाच. आनंदाने माझ्या अंगावर काटा आला. शाळेच्या स्नेहसंमेलनात मला नेहमी झाडाची नाही तर भालदाराची कामं मिळायची. आता मात्र माझ्या हातात असं पात्र होतं की त्याच्या एका प्रवेशाने अख्खा प्रेक्षकवर्ग सहाच्या आधीच्या गाडीने पळाला असता. शनिवारी मी रंगीत तालीम पाहिली. साडेचारला आई आली, जरा पुसट, पण आली.

रविवारी ते आले. सुलभाताई आणि तिचा मोठा भाऊ. ती उंच, सावळी, हातात घड्याळ, केसांत काही माळलेलं नाही. तिने चप्पल बाहेर नीट जोडून काढली, घर खरोखर बघितलं, मोरीत पाणी कुठून येतं विचारलं, आणि बसायची वेळ आली तेव्हा खाटेवर न बसता जमिनीवर सतरंजीवर बसली. मला तिचा राग यायला काहीच जागा सापडेना, म्हणून आणखी राग आला. पोहे झाले. पाचला अप्पा उठले आणि त्यांनी पश्चिमेची खिडकी सताड उघडली. मी तेव्हा त्याकडे लक्ष दिलं नाही. पाच वाजून दहा मिनिटांनी मी मधोमध उभी राहिले, हात मागे बांधले, आणि घोषणा केली.

‘आमच्याकडे माझी आई येते. आज सव्वापाचला येईल. तिचा वास येतो. कोणी घाबरू नये.’

भावाच्या घशात पोहे अडकले. आत्याने कपाळावर हात मारला. ‘कार्टे! पावन्यांम्होरं!’

सुलभाताईने बशी खाली ठेवली. ‘रोज येतात?’

‘रोज. वेळ बदलते. तिथीप्रमाणे.’

‘बरं,’ ती म्हणाली, घड्याळ बघून. ‘मग थांबू या.’ आणि तिने पदर सारखा केला, कोणी मोठं माणूस येणार असताना करतात तसा.

आम्ही थांबलो. मी अनेक नाटकं पाहिली, काहींत कामंही केली, पण इतकी शांत बसलेली माणसं पुन्हा कधी पाहिली नाहीत. सव्वापाच झाले. पोह्यांतल्या कोथिंबिरीचा वास येत होता. पाच वीस. खिडकीबाहेर पाणी उतरायला लागलेलं स्पष्ट दिसत होतं, काठाच्या खडकांवर ओली रेघ उघडी पडली होती. पाच पंचवीस. वारा आला, आणि त्याच्याबरोबर दुसऱ्या कंपनीचा कुजका कोबी. भाऊ रुमाल काढत म्हणाला, ‘हा का तो?’ कोणी हसलं नाही. साडेपाच. चिखल दिसू लागला. आत्या खिडकीकडे बघून पुटपुटली, ‘व्होटी तर लागली…’ खाटेजवळच्या स्टुलावरच्या चहावर साय धरली होती. आणि मला पहिल्यांदा कळलं की ती येत नाहीये. ती आज उशिरा येत नाहीये, ती येतच नाहीये. मला रडू फुटलं ते नाटकातलं नव्हतं. सुलभाताईने हात लांब केला, पण मला जवळ ओढलं नाही. हात तसाच सतरंजीवर, माझ्या पायाशी, उताणा ठेवला.

ती न येण्याचं कारण मला पुष्कळ वर्षांनी कळलं. ते उत्पादन कंपनीने थांबवलं होतं. शेवटच्या ड्रमचा नमुना शुक्रवारी तपासला गेला, शनिवारी भांडी शेवटची धुतली, आणि संपलं. तो नमुना तपासणारा केमिस्ट कोण होता हे सांगायला नको. म्हणजे त्या खोलीत आम्ही पाच जण होतो, त्यांतल्या फक्त एकाला पक्कं माहीत होतं की आज सव्वापाचला काहीही येणार नाही, यापुढे कधीच येणार नाही, आणि खिडकी उघडणारा तोच होता. तो रोज खिडकी का लावायचा, तेही मला तेव्हाच कळलं. डासांसाठी नव्हे. आलेलं बाहेर जाऊ नये म्हणून.

आता नदीत तसं काही सोडत नाहीत म्हणतात. आत्या गेली, अप्पाही गेले. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बेंझिल ॲसिटेटची एक छोटी बाटली होती. दर वर्षी मी ती मुलांसमोर उघडायची, सूत्र फळ्यावर लिहायची, आणि मुलं वास घेत असताना खिडकीकडे बघायची. मुलांना वाटायचं, बाईंचं लक्ष नाही. मी ओला दोरा शोधत असायची.

सुलभाताईला मी पुढे तीस वर्षं माई म्हटलं. खाट तिने हलवू दिली नाही. स्वतः जमिनीवरच निजायची, कंबर दुखायला लागेपर्यंत. ‘पोहे खारट होते, मोरी तुंबलेली होती, मुलगी आगाऊ होती,’ असं ती सगळ्यांना सांगायची. ‘मी होकार दिला तो एका वाक्याला.’ ते वाक्य बोलताना अप्पा आमच्याकडे पाठ करून उभे होते. पावणेसहा झाले होते, भाऊ चपला घालत होता, मी हुंदके देत होते. अप्पांचा एक हात खिडकीच्या फळीवर होता, ती लावायच्या तयारीत, अर्धा तास झाला तसाच. आणि सिद्ध न झालेल्या गोष्टीबद्दल जन्मात कधी मत न दिलेला तो माणूस, पाहुणे आहेत हे विसरून, बाहेरच्या चिखलाकडे बघत मोठ्याने म्हणाला,

‘आज आली नाही ती?’